नानांची फातिहा

शनिवार, १७ जानेवारी

उमैमाचा इतिहासाचा प्रोजेक्ट, म्हणजे घरात सगळ्यांना शिक्षा. जपान-अमेरिकेचं पॅसिफिकमधलं युद्ध. का पेटलं, कुठं फिरलं. मी अस्करच्या कारखान्यातून ड्यूटी करून आलेलो, पाठीचे तुकडे झालेले, आणि हिला पर्ल हार्बरचा नकाशा हवा. "बाबा, यू आर नॉट लिसनिंग." खरंच नव्हतो.

कारण म्हणे तेल. जपान चीनमध्ये घुसलं, पुढं सरकत राहिलं, अमेरिकेनं तेल तोडलं. मग तेलासाठी जपान सगळ्यांच्याच अंगावर गेलं. माझी बायको रुकय्या भाजी निवडता निवडता म्हणाली, "तेलापायी आपणसुद्धा इथवर, आखातात आलोच की."

सोमवार, १९

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. उमैमाला बोलून गेलो की माझे नाना, म्हणजे आईचे वडील, त्या युद्धात बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीहून मुंबई, तिथून सिंगापूरच्या बाजूला. बेचाळीस साल. आई तेव्हा पोटात होती. नाना आले नाहीत, खबरही आली नाही.

शब-ए-बारातला हलवा पुढ्यात ठेवून आम्ही गेलेल्यांची नावं घेतो, फातिहा देतो. नानांचं नाव कधी घेतलं नाही. "जित्या माणसाची फातिहा देतात काय?" नानी म्हणायची. ती मरेपर्यंत हिरव्या बांगड्या घालून वाट बघत राहिली. आता तिचं नाव घेतात, तिच्या नवऱ्याचं नाही. आईनं तोच नियम चालू ठेवलाय, त्र्याऐंशीव्या वर्षी.

शुक्रवार, २३

सुट्टी, पण कसली! आज मिडवेची लढाई. जपानच्या चार विमानवाहू बोटी बुडाल्या आणि वारं फिरलं. मग ग्वादलकनाल बेटावरची. उमैमा सांगत होती, मी डोळे उघडे ठेवून झोपलो होतो. तेवढ्यात तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बाबा, इज धिस हिम?"

बुडालेल्या बोटींवरच्या खलाशांची यादी. याकूब, म्हणजे नानाच, वडील हसन, गाव आमचंच. मृत्यू, १३ फेब्रुवारी १९४२. मिडवेच्या चार महिने आधी! म्हणजे युद्ध फिरलं तेव्हा नाना समुद्राच्या तळाशी होते.

नानी आठवली, आणि पोरीसमोर रडलो. जेवण गेलं नाही.

रविवार, २५

रुकय्या म्हणते, आईला सांगून टाका. मी म्हणतो, तिचं हृदय आधीच नाजूक आहे. बाप आत्ता मेला असं होईल तिला.

शुक्रवार, ३०

आईचा फोन. रवा आणलाय, तूप कढवलंय, मंगळवारी शब-ए-बारात. चारदा शब्द तोंडाशी आला, चारदा गिळला. "काय रे, दमलास?" म्हणाली. हो म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

तिला न सांगता मी नानांची फातिहा दिली तर चोरी. नाही दिली, तर सगळं ठाऊक असून त्यांना पुन्हा तसंच ठेवलं. शिफ्टनं एवढा कधी थकलो नव्हतो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी आईला फोनवर सांगितलं. यादी, बोट, तारीख, सगळं.

मग आई हळू म्हणाली, "मला ठाऊक आहे, मुख्तार. बोटीच्या कंपनीचं पत्र आलं होतं, उर्दूत, बोट बुडाली, ते गेले म्हणून. मी आठ वर्षांची. आईला वाचता येत नव्हतं. चुलीपुढं बसली होती, म्हणाली, वाच गो. मी वाचलं... तब्येत बरी आहे, लवकर येतो. ती इतकी खूश झाली रे, की मला मागं घेता आलं नाही."