केकला पाणी मारल्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

हात धुऊन, नखांतलं सिमेंट निघेल तेवढं काढून, धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींच्या घोरण्यावर काही उपाय निघाला का? (निघाला असेल तर कळव, इकडेही गरज आहे, असं ही म्हणते.) आम्ही सगळे मजेत. तुझ्या साहेबांनी ऐन वेळी रजा नाकारली म्हणून फोनवर तू हळहळत होतीस, पण आता जिवाला लावून घेऊ नकोस. भिंगरीचा वाढदिवस झकास झाला. केक मी केला. (बसून वाच.)

तू म्हणशील, विकतचा का नाही आणलास? अगं, तुझ्या लाडक्या भाचीने वर्गात परस्पर जाहीर करून टाकलं, की आत्या येत नाही तर काय झालं, माझे बाबा गवंडी आहेत, त्यांना काहीही बांधता येतं, ते केकचं घर बांधणार आहेत आणि सगळ्या वर्गाने जेवायला यायचं. त्यावर दोन वेण्यांची एक आगाऊ पोरगी फिस्सकन हसली, म्हणे गवंड्याला कुठला केक येतोय! भिंगरी घरी आली ती नाक लाल करूनच. ताई, जन्मभर लोकांची घरं बांधली आणि पोटच्या पोरीला चारचौघांत तोंडघशी पाडू? बांधतो म्हटलं.

तुझी पाककृती फ्रिजवर चिकटवलेली होतीच. राग मानू नकोस, पण तुझं लिहिणं फार मोघम. ‘चिमूटभर मीठ’ म्हणजे कोणाची चिमूट? माझी चिमूट आणि तुझी चिमूट यांत एका भाजीचा फरक आहे. ‘मिश्रण सैलसर असावं’ म्हणजे किती? मी आपला प्लास्टरचा माल असतो तसा कालवला, नव्या कोऱ्या घमेल्यात. (नवं होतं, शपथ. हिने तरी ते तीनदा घासलं.) आमच्या एवढ्याशा ओव्हनमध्ये घर मावणार नव्हतं, म्हणून लाद्या भाजून काढल्या आणि विटा रचतो तशा सांधेमोड करून, सांध्यावर सांधा येऊ न देता रचल्या. मध्ये जॅम, बाहेरून थापीने क्रीमचा गिलावा. ओळंबा लावून बघितला, भिंत सुतात! ही दवाखान्यातली पाळी संपवून आली आणि दारातच उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कामाला तिने नाव ठेवलं नाही. फोटोही काढलाय, पाठवते म्हणाली.

इथवर सगळं बरं चाललं होतं. सकाळी उठून बघतो तर मागच्या भिंतीला बारीक तडा. आता तूच सांग, ताज्या बांधकामाला तडा दिसला तर गवंडी काय करणार? पाणी मारणार. वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला. चांगले दोन मग मारले, वरून ओला फडका टाकला आणि शीळ घालत फुगे फुगवायला गेलो. (केकला पाणी मारू नये असं तुझ्या पाककृतीत कुठेही लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचून खात्री केली आहे.)

संध्याकाळी सगळा वर्ग हजर. घरात पाय ठेवायला जागा नाही, पोरं चक्क पलंगाखाली. भिंगरीने मेणबत्त्या विझवल्या, टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांतच मागची भिंत हळूच खाली बसली. चिखल, ताई, निव्वळ चिखल! ती दोन वेण्यांची पुढे सरसावली. मी तोंड उघडणार, की पोरांनो, चुकलं माझं, तेवढ्यात भिंगरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘बाबा एक बाजू मुद्दाम मोकळी ठेवतात. सामान आत न्यायला.’’ आणि बिस्किटांचा पलंग करून त्या भगदाडातून आत सरकवला. झालं! पोरांची झुंबड उडाली. गोळ्यांच्या खुर्च्या काय, चॉकलेटचं कपाट काय, वेण्यावालीने तर जिना घातला. घर आधी भरलं आणि मग चमच्यांनी खाऊन साफ केलं. खोटं कशाला सांगू, मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

तात्पर्य, आता तुला दरवर्षी गुडघा सांभाळत इथवर येण्याची दगदग नको. केकचं खातं यापुढे माझ्याकडे. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. भिंगरीच्या बाईंनी केकची कीर्ती ऐकली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला सगळ्या शाळेपुरता केक हवाय. भिंगरी माझ्या वतीने हो म्हणून आली आहे. दुमजली.

ता. क. दुसरं : दगदगीचं वर लिहिलंय ते खोडलं असं समज. पाया पडतो, रजा काढ आणि ये. गवंडी तू, हाताखाली मी. फक्त भिंगरीसमोर एवढंच म्हण, की केक बाबांनी केला.

ता. क. तिसरं : पत्र पाकिटात घालायला भिंगरीकडे दिलं होतं. तिने सगळं वाचलं. म्हणते, आत्याला लिहा, बिनधास्त ये, मी वर्गात कोणाला सांगणार नाही.