पडद्यावरचं विशाखापट्टणम

अर्धापूर, रविवार, दिवेलागण

आज हिला घेऊन नांदेडला तेलुगू सिनेमा पाहिला, हिंदीत बोलणारा. कारण एकच, त्यात विशाखापट्टणमचं बंदर होतं. आपली मंगल तिथं नोकरीला.

पडद्यावर नुसते गुंड, कंटेनर आणि आगी. ही कुजबुजली, "अहो, असल्या गावात पोरगी ठेवली व्हय आपण?"

म्हणालो, "सगळे गुंड सिनेमात कामाला लागलेत. गावात कुठून उरतील?"

हसली, पण माझा हात सोडला नाही.

मारामारीत माझं लक्षच नव्हतं. मागे जहाजाचा भोंगा वाजला. मंगलच्या फोनवर येतो तोच. केळीचा ट्रक आवाजावरून ओळखणारा मी, हा कसा चुकेन? पण सिनेमात त्या भोंग्याजवळ राहणारं कुणी कामावरून घरी येत नाही, भात लावत नाही. मला तर तेवढंच बघायचं होतं. मंगल दिवाळीला येते म्हणाली होती. येईल का?

घरी येऊन फोन लावला. "खिडकीपाशी धर गं, भोंगा ऐकू दे."

"अप्पा, तो वाजून गेला. आता नुसती कुकरची शिट्टी हाय."

"मग तीच ऐकव."

तिनं फोन ओट्यावर ठेवला. भात होईपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो.