मिठावरचा थेंब

१४ जानेवारी २००२

गड जिंकला! आज मिठाच्या सर्वेक्षणाचं ट्रेनिंग होतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालसंस्थेच्या दिल्ली ऑफिसातून क्षमा मॅडम आल्या होत्या. प्रत्येकानं घरून चमचाभर मीठ आणायचं. त्यावर औषधाचा थेंब. आयोडीन असेल तर मीठ जांभळं, नसेल तर पांढरंच.

माझ्या पुडीवर थेंब पडला आणि काय तो रंग! मॅडमनी सगळ्यांना फिरवून दाखवली. आमच्या ऑफिसच्या अच्युत साहेबांचं मात्र फिक्कट! चेहरा बघण्यासारखा. "घरी विचारतो," म्हणाले.

सकाळी सासूबाई अंजनाबाईंना एवढंच सांगितलं होतं, ऑफिसात मीठ बघणार आहेत, पुडी बांधून ठेवा. अंजनाबाईंचा स्वयंपाकघरात हात धरणारं कुणी नाही!

१५ जानेवारी

चौथा महिना लागला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, बाळाच्या मेंदूला आयोडीन आत्ताच लागतं, मागाहून भरून काढता येत नाही. "पण तुमची काळजी नाही, तुमचं मीठ मी पाहिलंय." मी ऐटीत हसले.

१८ जानेवारी

बीरगांवची शाळा. पोरांनी घरून आणलेल्या सगळ्या पुड्या जांभळ्या. शंभर टक्के! साहेब हवेत. नव्या राज्याचा आकडा, दिल्लीहून थेट न्यूयॉर्कच्या मुख्य ऑफिसच्या पुस्तकात!

फक्त एक खटकतंय. शंभर टक्के म्हटलं की रेशनवर स्वस्त आयोडीनचं मीठ द्यायच्या योजनेतून आमचं रायपूर बाद. आणि सगळ्यांच्या घरचं मीठ इतकं सारखं, बारीक, कोरडं कसं?

२१ जानेवारी

शंका खरी निघाली! पुन्हा शाळेत गेले. इंदू नावाच्या पोरीला जवळ घेऊन विचारलं. "घर म तो खड़ा नून हे दीदी. साहब मन देखही कहिके दाई दुकान ले पाकिट मंगाइस." घरात खडेमीठच, पण साहेबलोक बघणार म्हणून आईनं दुकानातून खास पाकीट आणवलं! बाकीची पोरंही माना डोलावतात — "हव, हव!"

खोटेपणा नाही हा. बाहेर द्यायचं ते चांगलं द्यायचं, एवढंच. आपण तरी पाहुण्याला फुटक्या कपात चहा देतो का?

इंदूच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, घरोघरी फिरले. चुलीजवळच्या डब्यांतलं मीठ, माझा थेंब. पांढरं. पुढच्या घरी पांढरं. एक पोटुशी बाई कौतुकानं बघत होती — "रंग कब आही दीदी?" फार वाईट वाटलं.

२२ जानेवारी

साहेबांशी जुंपली. "काहून उकरून राहिल्या तुम्ही? शंभर आहे ना, मंग राहू द्या ना!" मी म्हटलं, या शंभरापायी त्या बायांना मीठ मिळणार नाही, साहेब. ऐकेनात. सरळ क्षमा मॅडमना फोन लावला. त्यांनी आकडा थांबवला. आता घरोघरी नव्याने तपासणी, आणि तीही माझ्या हाताखाली!

साहेबांनी अबोला धरलाय. धरोत. चहा निवांत पिता येतो.

२५ जानेवारी

आज डोहाळे — कैरी, वर मीठ! ह्या दिवसांत कैरी कुठून आणायची, म्हणून लोकेश डोकं धरून बसला. नवऱ्याला कामाला लावायचं सुख काही औरच. शेवटी पेरूवर भागवलं. मीठ मात्र भरपूर.

२७ जानेवारी, रविवार

जेवताना बीरगांवचा किस्सा रंगवून सांगितला. लोकेश हसला. सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "त्यात हसाचं काय? म्याबी तेच केलं. तुया हापिसात पाठवाचं होतं, मंग शेजारच्या विमलाकडून पाकिटातलं मांगून आनलं. आपलं तं गुढियारी बाजारातलं, पोत्यातलं सुटं असते."

बॅगेतून बाटली काढली. आमच्या बरणीतल्या मिठावर थेंब टाकला. पुन्हा टाकला.

पांढरंच.