कंपालाच्या थांब्यावरची बंद इंजिनं

मंगळवार संध्याकाळ, सँडीफोर्ड

आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ग्रेस रडली. मी आपली इथल्या लोकांसारखं "इट्स ग्रँड", सगळं ठीक आहे, म्हणत बसले. काय उपयोग त्याचा?

ग्रेस माझ्या टीममधली, कंपालाची. तिची आई तिथे टॅक्सी-व्हॅनच्या थांब्यावर भाजी विकते. प्रवासी भरेपर्यंत व्हॅन इंजिन चालू ठेवूनच उभ्या असायच्या. त्या धुराने आईचा खोकला थांबेना. शेवटी तिने थांब्यावरच्या बायका गोळा केल्या. रोज प्रत्येक ड्रायव्हरकडे जाऊन एकच विनंती, गाडी भरेपर्यंत इंजिन बंद ठेवा. आधी सगळे हसले. मग एकाने ऐकलं, त्याची बायकोही तिथेच बसते विकायला. हळूहळू बाकीच्यांनीही ऐकलं.

आज आईने व्हिडिओ कॉलवर ती शांत उभी रांग दाखवली. मलाही हात केला. बोलताना खोकत होतीच. तो खोकला अजून कानात आहे माझ्या.

म्हणाली, "पलीकडच्या थांब्यावरच्या बायकांनी बोलावलंय. उद्या जाते."

"आई, आता जरा आराम कर ना," ग्रेस रडतच म्हणाली.

"घरी बसूनही खोकणारच आहे. त्यापेक्षा तिथे जाऊन बोलते."

आणि फोन ठेवला तिने. गिऱ्हाईक आलं होतं.