पाठकोऱ्या कागदांचा घोटाळा

सावाई बेट, ऑक्टोबर १९८६

चि. फुआतिनो हीस थोरली बहीण लोसा हिचे आशीर्वाद, आणि उरलेल्या जागेत एक धपाटा. तुझी पाठदुखी कशी आहे? ऑकलंडची थंडी सोसते ना? इकडे आम्ही खुशाल. तुझी लेक सिएनी साडेनऊ वर्षांची झाली आणि तिला तुझं पत्र दर महिन्याला मिळतं. (अकरा महिन्यांत तू एक ओळ लिहिलेली नाहीस, हे मला ठाऊक आहे. तिला ते कळू नये, म्हणून तर माझी सगळी धडपड.)

शाळेत कागदाच्या बाबतीत मी किती चिक्कू, हे तुला सांगायला नको. पोरं एका बाजूला दोन गणितं करून पान फेकतात, ते मला बघवत नाही. म्हणून वर्गात खोका ठेवला: पाठकोरा कागद त्यात घालायचा. वर्षभर नवा ताव लागला नाही, आणि मी फुगले. तेवढ्यात पाद्रीसाहेबांची बायको आली. "लोसाबाई, मुलांच्या 'पांढऱ्या रविवार'च्या सणाची गाणी छापायला कागद आहे का हो?" मी उदार मनानं अख्खा गठ्ठा दिला. त्याच्या मागच्या बाजूला पोरांचे 'माझे घर' हे निबंध आहेत, हे ना माझ्या लक्षात आलं, ना छापणाऱ्याच्या.

रविवारी पोरं पांढऱ्या कपड्यांत गात होती आणि उकाड्यानं हैराण मोठी माणसं त्याच कागदांनी वारा घेत होती. म्हणजे एकेका घरची हकीकत मागच्या बाकाला वाचायला मोकळी. गावप्रमुखांच्या नातवानं लिहिलं होतं, की पाहुणे दिसले की आजोबा बीफचे डबे चटईखाली सारतात. मागे खसखस पिकली. नंतर पोरांना जेवायला वाढताना (त्या दिवशी पोरं आधी, मोठे मागून) प्रमुख नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांची, पालुसामीची परात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, कागद वाचवलात, अब्रू मात्र गावाची घालवलीत!"

एरवी मी हसले असते. पण प्रार्थनेच्या वेळी माझ्या पुढची बाई सिएनीच्या निबंधानं वारा घेत होती. मी एकेका झोक्याला एकेक ओळ वाचली होती: "माझी आई दर महिन्याला पत्र लिहिते. मावशी वाचून दाखवते. पत्राच्या मागे आमच्या वर्गातली गणितं असतात. एकदा माझंच चुकलेलं गणित होतं. मी मावशीला सांगत नाही. तिला वाईट वाटेल."

फुआतिनो, मला भर प्रार्थनेत रडू आलं. घरी तिला जवळ घेतलं, पत्रं मीच लिहिते हे कबूल केलं आणि माफी मागितली. तर म्हणते, "लिहीत जा गं मावशी. फक्त कोऱ्या कागदावर लिही, म्हणजे मला खरं वाटेल."

तुझी,
लोसा

ता. क. प्रमुखांनी माफ केलं. खोका वर्गात आहेच. फक्त निबंध आता त्यात पडत नाहीत.

ता. क. पुन्हा. पोरीला एक पत्र लिही. "मी बरी आहे" एवढंच लिही, पण नव्या कोऱ्या कागदावर. बाकीचं पान वाया गेलं तरी चालेल.