पुण्याचा मैदा

आई, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, आणि आज तुला लिहायला बसलोय ते मैद्यापायी. रांजणगावला कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. माझ्या लेकीची सोयरीक ठरवायला दौंडची रेल्वेतली माणसं आपल्या तळेगावच्या घरी यायची होती. दोन दिवस आधी तू गहू ओलवून फडक्यात बांधलेस, जात्यावर दळलेस आणि जुन्या धोतराच्या तुकड्यातून सपीट, म्हणजे आपला घरचा मैदा, गाळायला बसलीस. मी उंबऱ्यावर शाळेतल्या कविता चालीवर म्हणतोय आणि तुझा हात त्या चालीवर फिरतोय, तुझ्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्यात. "मास्तर, जरा दमानं म्हणा," तू म्हणतेस, "पीठ उडतंय."

जेवताना व्याह्यांनी पुरणपोळी हातात धरून निरखली आणि एवढा बारीक मैदा कुठला, म्हणून विचारलं. घरी जात्यावर दळतात म्हटलं तर आपल्याला अडाणी समजतील, ठरत आलेलं मोडेल, असं वाटलं मला. म्हणालो, "पुण्याहून मुद्दाम मागवलाय." तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मैदा हा शब्द मूळचा फारसी, तिकडून हिंदीत आला, आपल्या मराठीत रुळला, हे मी वर्गात सांगावं तसं रंगवून सांगत बसलो. तू तुपाची वाटी घेऊन दारातच उभी होतीस.

पाहुणे गेल्यावर ताटं उचलताना तू एवढंच म्हणालीस, "शबुद लई लांबनं आणलास. पीठ कुठनं आलं, तेवढं न्हाई सांगितलंस." मी हसण्यावारी नेलं. त्या दिवाळीला खांदा दुखतो म्हणून तू सपीट केलंच नाहीस. पुढच्या दिवाळीला तू नव्हतीस.

काल दौंडहून विहीणबाईंचा फोन आला. धाकट्या लेकाकडच्या नातवाच्या बारशाला पोळ्या करायच्यात, तुमच्या लेकीला काही तशा जमत नाहीत, पुण्याचं ते दुकान तेवढं सांगा, म्हणाल्या. मागं भांड्यांचा आवाज येत होता. आपली पोर तिथंच असणार. तिला सगळं ठाऊक आहे, आणि माझ्यापायी इतकी वर्षं ती तोंड मिटून बसलीय. हे पत्र तिच्याकडं पाठवावं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण तिथं दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर, म्हणून आता ते वहीतच राहील.

विहीणबाईंना मी कालच सांगितलं, ते दुकान बंद पडलं.