काकांचा वूफर कुणी फाडला?

पप्पा, राजेशकाकांच्या गाडीतला वूफर स्पीकर खरंच माझ्या गाण्यांनी फाटला का? ‘विचारून दाखव’ अशी मैत्रिणींनी पैज लावलीय, म्हणून विचारते. वूफर अडीचशे वॅटचा आणि काकांचा नवा ॲम्प्लिफायर सहाशेचा, म्हणून काकांनी ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर ठरवणारा स्क्रू, कमीवरच ठेवला होता. रविवारी साजगावला गाडी तुम्ही नेलीत. आता गेन पार शेवटपर्यंत फिरवलेला दिसतोय, बाजूला स्क्रूड्रायव्हरचे ताजे ओरखडे!

आणि मम्मी, ‘पोरीचं नाव सांगा, ती काय बोलायची नाय,’ हे कोण म्हणालं गं?

मी बोलणार. संध्याकाळी काकांना सगळं खरं सांगणार आणि नवा वूफरही मीच जोडणार. पप्पांचा स्क्रूड्रायव्हर माझ्या कंपासपेटीत आहे.

– ऋतिका